पाहुण्यांच्या खोलीसाठी पलंग

३ फेब्रुवारी, सोमवार

निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या वस्तूंपैकी भिंतीवरचं घड्याळ दिवसाला तीन मिनिटं मागे पडतं आणि पेन गळतं. ही डायरी मात्र निर्दोष निघाली. शिवण पक्की, पानं सरळ कापलेली. म्हणून तिच्यात लिहायला घेतलं आहे.

चौतीस वर्षं मी बसच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली, त्यातली शेवटची अकरा खातेप्रमुख म्हणून. माझ्या सहीशिवाय एकही सीट गेटाबाहेर पडली नाही. आता दीड महिना घरी आहे. घरातही तपासण्यासारखं पुष्कळ आहे, पण घरच्यांना त्याची जाणीव नाही. घरच्यांना म्हणजे हिला. दुसरं कोणी नाही.

आज सकाळी चहा घेताना ही म्हणाली, "अहो, पाहुण्यांच्या खोलीत एक चांगला पलंग करून घेऊ या. उशाशी मऊ पाठ असलेला. टेकून बसता आलं पाहिजे."

"कोण येणार आहे?"

"येईल कोणीतरी."

"किती दिवसांसाठी?"

"ते अजून ठरलेलं नाही," असं म्हणून तिने कप विसळला आणि कामाला निघून गेली. ती एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. सातच्या ठोक्याला घर सोडावं लागतं.

पाहुण्यांची खोली म्हणजे मुलीची जुनी खोली. सध्या तिथे इस्त्रीचं टेबल आहे आणि माझ्या तपासणीच्या वह्यांचे गठ्ठे आहेत. गेल्या चार वर्षांत तिथे कोणी मुक्कामाला राहिलेलं नाही. शेवटचा माझा चुलतभाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला पांघरुणाची घडी कशी घालायची ते करून दाखवलं. दुपारच्या गाडीने तो गेला. त्याला अचानक काहीतरी काम निघालं होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

पलंगाची जबाबदारी मी स्वीकारली आहे. हिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं."

मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी असते. तिला फोनवर ही बातमी दिली. ती म्हणाली, "बाबा, आईला झोप नीट लागते का, असं कधी विचारलंत तिला?"

मी म्हटलं, "विषय पाहुण्यांच्या खोलीचा चाललाय."

"हो. तोच चाललाय."

हल्लीच्या मुलांना एका विषयावर टिकून राहता येत नाही.

हिच्या झोपेबद्दल म्हणाल तर काळजीचं कारण नाही. अधूनमधून ती उशी घेऊन हॉलमधल्या सोफ्यावर जाते, तिथे वारा चांगला येतो म्हणून. मी घोरतो असा एक निराधार आरोप या घरात फार वर्षांपासून आहे. मी स्वतः तो आवाज एकदाही ऐकलेला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोघं मिळून फर्निचरच्या मोठ्या दुकानात गेलो. तीन मजले, आणि प्रत्येक मजल्यावर पलंगच पलंग. विक्रेता तरतरीत होता. पहिल्याच पलंगावर हात फिरवून म्हणाला, "सर, हा बेड नाही. हा एक अनुभव आहे."

"प्लाय किती जाडीचा?" मी विचारलं.

"सर, लोक इथे बसतात आणि त्यांना उठावंसंच वाटत नाही."

"फोम कितीच्या घनतेचा?"

"एकदम प्रीमियम, सर."

मी बूट काढून कामाला लागलो. कारखान्यात एक यंत्र एकेका सीटवर पन्नास हजार वेळा बसतं. इथे यंत्र नसल्यामुळे ते काम मलाच करावं लागलं. चाळीस वेळा बसलो-उठलो आणि दर वेळी पाठ टेकली. एकविसाव्या वेळेपासून हेडबोर्ड कुरकुरायला लागला. खाली वाकून टॉर्चने पाहिलं तर मागचा सगळा भाग नुसत्या पुठ्ठ्याचा. वर मखमल आणि आत पुठ्ठा. पुढचे सहा पलंगही तसलेच निघाले. एकाच्या पाठीत गाणी लावायची सोय होती, एकाच्या पाठीवर इतकी बटणं की धूळ झाडायला माणूस ठेवावा लागेल. तेवढ्यात एक जोडपं मलाच दुकानाचा माणूस समजलं आणि त्यांनी माझा सल्ला घेतला. काही न घेता ते निघून गेले. विक्रेता मग आमच्या मजल्यावर दिसला नाही.

ही एका पलंगावर टेकून डोळे मिटून बसली होती. मी म्हटलं, "चल, सगळे नामंजूर." तिने डोळे उघडायला जरा वेळ लावला.

येताना रिक्षात म्हणाली, "तुम्हाला नसेल जमत तर मी आणते एखादा."

मला जमत नाही? घोडं पेंड खातंय ते बाजारात, माझ्यात नाही. तयार माल घ्यायचाच नाही, पलंग करवून घ्यायचा असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सुताराने सांगाडा करायचा आणि कुशनवाल्याने गादीकाम, असं ठरलं. सुतार बरा आहे, बोलत नाही. कुशनवाल्याचं दुकान दोन रस्ते सोडून आहे. साठीचा माणूस. तोंडात चार-पाच चुका, म्हणजे बारीक खिळे, धरूनच बोलतो. मला पाहताच त्याने चुका काढून हातात घेतल्या.

"साहेब, ओळखलं नाहीत. पूर्वी मी तुमच्या कारखान्याला कव्हरं पुरवायचो. तुम्ही माझी दोनशे कव्हरं एका दिवसात परत पाठवली होती."

"कारण?"

"शिवण तिरपी."

"होती का तिरपी?"

"होती," तो म्हणाला.

मला हा माणूस आवडला. काम त्यालाच दिलं.

मग तो म्हणाला, "हेडबोर्डची उंची कोणाच्या मापाने धरायची? माणूस टेकून बसला की डोकं नेमकं फोमवर आलं पाहिजे. जरा खाली-वर झालं की मान दुखते."

"पाहुण्यांच्या मापाने."

"मग पाहुणे आणा."

हा पेच खरा आहे. पाहुणा ठरलेला नाही, आणि माप तर पाहिजे. संध्याकाळभर डोकं खाजवल्यावर मार्ग सापडला. कारखान्यात हजार सीटांमधून एक उचलतात आणि तपासतात. शितावरून भाताची परीक्षा. तसा एक नमुना-पाहुणा धरायचा. घरात उपलब्ध नमुना एकच आहे.

हिला विचारलं, "तू पाहुण्यांच्या वतीने मापं देशील का?"

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "देईन की."

१६ फेब्रुवारी, रविवार

आज नमुना-पाहुण्याची तपासणी केली. काल बसून चौदा प्रश्नांचा तक्ता आखला होता. ही स्टुलावर भिंतीला टेकून बसली आणि मी टेप, पेन्सिल नि तक्ता घेऊन समोर. बसल्या जागेपासून डोक्याच्या मागच्या फुगवट्यापर्यंत सत्तावीस इंच भरलं. वर तीन इंच जादा धरून पाठ तीस इंचांची ठरली. टेकल्यावर डावा हात सहज पोचेल अशा जागी भिंतीवर दिव्याच्या बटणाची खूण केली.

मग प्रश्न. तक्त्यातूनच उतरवून ठेवतो.

"पाहुणा कोणत्या कुशीवर झोपतो?"

"डाव्या. पण पलंगाच्या उजव्या बाजूला झोपावं लागलं तर तोंडावर श्वास येतो, म्हणून तो उताणा पडून राहतो."

"कोणाचा श्वास? पाहुणा एकटा आहे."

"हो. आता एकटा आहे."

"गादी कडक की मऊ?"

"मऊ. कडक गादीवर त्याची कंबर धरते. एकतीस वर्षं धरली आहे."

हे उत्तर मी खोडलं. आमच्या खोलीतली कडक गादी मी स्वतः निवडलेली आहे, कण्याला उत्तम असते. पण पाहुण्याची तक्रार ही तक्रार असते. पुन्हा लिहिलं.

"दिवा किती वाजता मालवतो?"

"वाचून झालं की."

"वेळ सांग."

"वेळ नाही सांगता येत. पुस्तकावर असतं."

आमच्या खोलीत दिवा दहाला मालवला जातो, याची मी तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, "पाहुण्याला कुठे माहीत?" हे मात्र बरोबर.

बारावा प्रश्न झोपमोडीचा होता. पाहुण्याची झोप कशाने मोडते? तिने बराच विचार केला. मग हळूच म्हणाली, "आवाजाने. आणि सकाळी उठल्या उठल्या कोणी चूक दाखवली की दिवसभर पुन्हा झोपावंसं वाटतं." शेवटचा भाग पलंगाशी संबंधित नसल्यामुळे घेतला नाही.

तक्ता संपला तरी ती स्टुलावरून उठली नाही. "संपले प्रश्न?" म्हणाली.

"चौदाच होते."

"एकतीस वर्षांत तुम्ही मला इतके प्रश्न पहिल्यांदाच विचारलेत."

कामाचं कौतुक घरच्या माणसाने केलं की बरं वाटतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

कापड निवडायला कुशनवाल्याकडे गेलो. मी तपकिरी रेक्झिन सुचवलं. ओल्या फडक्याने पुसलं की साफ, वीस वर्षं मरण नाही. बसमध्ये तेच असतं.

ही म्हणाली, "पाहुण्याला बसमध्ये झोपायचं नाहीये." आणि सरळ जाऊन एका पिवळ्या कापडावर हात ठेवला. हळदीसारखं पिवळं, मऊ, डाग लागला की कायमचा दिसेल असं.

"पिवळा मला आवडतो," ती म्हणाली.

"तुला कशाला आवडायला हवा? पाहुण्यांना आवडायला हवा."

"हो. पाहुण्यांना."

कुशनवाला खाली मान घालून कात्रीची धार बघत होता. मी त्याला म्हटलं, तुम्हीच सांगा, पिवळा मळेल की नाही? तो म्हणाला, "साहेब, मळतो तो वापरला म्हणून मळतो. तुमच्या घरातली कोणती वस्तू मळलीय, सांगा."

ही चक्क हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून पिवळ्याला मंजुरी दिली. नोंद करून ठेवतो: निकष सोडून दिलेली ही माझी पहिली मंजुरी.

फोमचीही परीक्षा झाली. तीन तुकडे ठेवले होते. मी अंगठ्याने दाबून सेकंद मोजत होतो, हिने सरळ गाल टेकवला. "हा," म्हणाली. घड्याळाने तोच पहिला आला होता. योगायोग.

२ मार्च, रविवार

एक घोटाळा झाला आहे. पाहुणी म्हणजे हिची धाकटी बहीणच असणार असं मी धरून चाललो होतो. आज मेहुणीचा फोन आला, तेव्हा विचारलं, "मग कधी येताय?"

"मी? मी कुठे येतेय?" ती म्हणाली. मग एकदम थांबली. "भावजी, तुम्ही ताईशी बोललात का?"

"रोजच बोलतो."

"तुम्ही बोलता हो. ती बोलते का?"

या बहिणी बहिणी एकमेकींची पाठराखण करताना सरळ उत्तर देत नाहीत. फोन हिच्याकडे दिला. दोघी स्वयंपाकघरात दार लोटून अर्धा तास बोलल्या. मी दाराची बिजागरी तपासत होतो, तेव्हा "पालथ्या घड्यावर पाणी" एवढं ऐकू आलं.

तर मग पाहुणा कोण? आता खरी रुखरुख लागली आहे. कोणीतरी परका, मऊ गादीची सवय असलेला, रात्र रात्र वाचत बसणारा माणूस माझ्या घरात येणार, किती दिवस राहणार ते ठाऊक नाही, आणि ही त्याच्याविषयी इतकं बारकाईने बोलते. आज मला जेवण गेलं नाही.

पाहुण्यांसाठी सूचनांचा एक कागद करून दारामागे लावला. नऊ सूचना. हिने वाचला, पेन्सिल घेतली आणि 'दिवा रात्री दहाला मालवावा' यावर काट मारली.

"साडेदहा करू," मी म्हटलं.

"पाहुणा ठरवेल."

मग तिने कागदच काढला, व्यवस्थित चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. घड्या मात्र सरळ होत्या.

८ मार्च, शनिवार

पलंग आला.

सुतार आणि कुशनवाला दोघांनी मिळून तो खोलीत जोडला. माझ्या वह्यांचे गठ्ठे आमच्या खोलीत हलवले. मी अडीच तास तपासणी केली. सांगाडा हलत नाही. फोम एकसारखा. दिव्याचं बटण खुणेवर. खरं सांगायचं तर चौतीस वर्षांत एवढं मापात बसलेलं काम मी पाहिलं नाही. फक्त उजव्या कडेची शिवण तीन मिलिमीटर तिरपी.

कुशनवाल्याला दाखवली. त्याने टेप लावला. "एक सूत," म्हणाला. "परत नेतो, साहेब. सवय आहे."

"न्या," मी म्हटलं.

"नाही," ही म्हणाली. "राहू दे."

एवढंच. आवाज चढवला नाही की काही नाही. पण कारखान्यात किंवा घरात, माझ्या नामंजुरीवर दुसऱ्या कोणी मंजुरी दिल्याचं मला आठवत नाही. मी माझा टेप गुंडाळून ठेवला. का ठेवला ते कळत नाही.

जाताना कुशनवाला दारात म्हणाला, "वहिनी, सुखाने झोपा."

"वहिनींना नाही, पाहुण्यांना म्हणा," मी दुरुस्त केलं.

"तेच ते," तो म्हणाला आणि जिना उतरला.

९ मार्च, रविवार

पाहुणा येण्याआधी पलंगाची चाचणी घ्यायला हवी, हे हिला आपणहून सुचलं याचा मला अभिमान वाटला. काल ती तिथेच झोपली. सकाळी निकाल विचारला. म्हणाली, "आठ तास. एकदाही जाग नाही."

चेहरा इतका टवटवीत की मी विचारलं, नवीन साबण आणलास का?

एका रात्रीचा निकाल ग्राह्य धरता येत नाही. चाचणी आठवडाभर चालू ठेवायला सांगितलं. ती लगेच तयार झाली.

१२ मार्च, बुधवार

चाचणी चालू. अगदी काटेकोर काम करते आहे. वापर खऱ्यासारखा व्हावा म्हणून तिने चष्मा, पुस्तकं, पाण्याची बाटली आणि मलमाची ट्यूब तिकडे नेली. आज कपड्यांचं कपाटही रिकामं करून तिकडे लावलं. मी म्हटलं, एवढी तयारी आमच्या कारखान्यातही कोणी करत नसे.

आमच्या खोलीत आता जागा बरीच आहे. मोठा पलंग पूर्ण मला. काल मी मध्यभागी झोपून पाहिलं. सकाळी माझ्या नेहमीच्याच कडेला होतो.

१५ मार्च, शनिवार

आठवडा पुरा झाला. नाश्त्याच्या वेळी मी वही काढली. "चाचणी संपली. आता पाहुणे कधी येणार ते सांग, म्हणजे चादर बदलता येईल."

ही खुर्ची ओढून समोर बसली. "अहो, पाहुणे आले."

"कधी?"

"मागच्या शनिवारी."

मी खरोखर खोलीकडे पाहिलं. मग हिच्याकडे पाहिलं.

"मी आता तिथेच राहणार आहे," ती म्हणाली. "तुम्हाला तोडून बोलायचं नाहीये. जेवण, चहा, बोलणं-चालणं सगळं आहे तसंच. पण झोपणार तिथे, आणि दार लावणार. ताकाला जाऊन भांडं लपवलं, तेवढं माझं चुकलं. पण सरळ सांगून पाहिलं होतं हो. घोरता म्हणून सांगितलं, तुम्ही पुरावा मागितलात. गादी टोचते म्हटलं, तुम्ही कण्याचं चित्र काढून दाखवलंत. आणि तुम्ही रिटायर झाल्यापासून मी सकाळी डोळे उघडायच्या आत काहीतरी चुकलेलं असतं. मागच्या महिन्यात टॉवेल उलटा वाळत घातला म्हणून तुम्ही मला झोपेतून उठवलंत."

"टॉवेलची शिवण बाहेर आली की..." मी सुरू केलं आणि थांबलो.

ती कामाला गेली. पुढे लिहवत नाही.

१६ मार्च, रविवार

मुलीला फोन केला. सगळं सांगितलं आणि म्हटलं, तू आईला समजाव.

"बाबा, पलंग तुम्हीच करवून घेतलात ना?"

"पाहुण्यांसाठी."

"आईने तुमच्याकडे आणखी काय मागितलं आजवर? आठवा बघू."

मी आठवत राहिलो. फोन चालू होता, तीही थांबली होती. शेवटी मी "नंतर करतो" म्हणालो.

मला वाईट वाटलं. हे वाक्य लिहायला तास गेला. मला फार वाईट वाटलं, आणि राग आला, आणि लाजही वाटली. कुशनवाल्याला कळलं होतं. मेहुणीला कळलं होतं. मुलीला पहिल्या दिवशी कळलं होतं. दुसऱ्याच्या मालातली तीन मिलिमीटरची चूक मला खोलीच्या दारातून दिसते, आणि एक अख्खं माणूस माझ्या देखत सामान हलवत होतं ते दिसलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

निराधार आरोपाची शहानिशा केली. झोपताना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून उशाशी ठेवला आणि सकाळी तो आवाज ऐकला.

सात मिनिटं ऐकला. नामंजूर.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्यांच्या सहायक बाईंनी फोनवर विचारलं, "त्रास किती दिवसांपासून आहे?" मी म्हटलं, "मला नाही. बायकोला. एकतीस वर्षांपासून." त्या म्हणाल्या, मग त्यांना घेऊन या. समजावता समजावता नाकी नऊ आले.

२० मार्च, गुरुवार

चौदा प्रश्नांचा तक्ता काढून वाचला. कंबर. श्वास. पुस्तक. सकाळची चूक. हे सगळं तिने मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, मी ते नीट अक्षरात उतरवलं होतं आणि खाली सहीसुद्धा केली होती. पाहुण्याच्या तक्रारी म्हणून एकेक दूर केल्या. बायकोच्या म्हणून आल्या असत्या तर मी त्या तिलाच परत पाठवल्या असत्या, कारण जोडून.

सकाळी टॉवेल उलटा होता. मी बाल्कनीतून आत आलो आणि पेपर वाचला. एकच पान वाचलं, पण वाचलं.

२३ मार्च, रविवार

दुपारी चारला दोन कप चहा केला आणि तिच्या दारावर टकटक केली. आपल्याच घरात दार वाजवताना हात अवघडतो.

"कोण?"

"मी."

"या."

ती पिवळ्या पाठीला टेकून वाचत होती. डोकं फोमवर बरोबर मधोमध. मी काठावर बसलो. ती जरा सरकली, म्हणून मीही टेकलो, तर माझं डोकं पाठीच्या वर जाऊन भिंतीवर आपटलं. माप माझं नव्हतंच. तिने एक उशी काढून माझ्या डोक्यामागे सारली. उजव्या कडेची शिवण माझ्या हाताखालीच होती. मी शिवणीविषयी काही बोललो नाही.

"चहा चांगला झालाय," ती म्हणाली.

"परत चल, असं म्हणायला आलो नाहीये," मी म्हटलं. खरं तर पाठ करून आलो होतो तेच, पण तिला तिथे बसलेली पाहून म्हणवलं नाही.

"बरं झालं. कारण मी येणार नाही."

"कळलं. एकच विचारायचं होतं. त्या दिवशी चौदा प्रश्न झाले. त्यात राहून गेलेलं काही आहे का? पाहुण्याचं नाही. तुझं."

तिने पुस्तकात बोट घालून ते मिटलं. माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मी थट्टा तर करत नाही ना, हे बघत असावी.

"आहे," ती म्हणाली. "पण पहिल्यापासून सांगावं लागेल."

"सांग."

"मध्ये दुरुस्त करायचं नाही."

"नाही करणार."

तिने पुस्तकातलं बोट काढून घेतलं आणि सुरुवात केली. मी एकदाच एक तारीख दुरुस्त केली. ती थांबली, मी माफी मागितली, ती पुढे बोलू लागली. साडेपाच वाजले, चहाचे रिकामे कप मांडीवर तसेच होते, आणि आम्ही अजून लग्नाच्या पहिल्याच वर्षात होतो.